टँकरची वेळ, सावरीचा कापूस आणि नव्याण्णव मेंढरे: एका सुट्टीतील बायबल शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या आमच्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ दर मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या लहान मंडळ्यांत सुट्टीतील बायबल शाळा घेतो. बोलताना सगळे व्ही.बी.एस.च म्हणतात. हे प्रकरण २०२४ मधले, १३ ते १७ मे या पाच दिवसांचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी बावीस वर्षे शब्बाथ शाळा, म्हणजे मंडळीतल्या मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. त्या पाच दिवसांची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे जे चुकले त्यातले बरेचसे माझ्या हातून चुकले आहे.

आसनगावला लोकलमधून उतरायचे, शहापूरहून जीप धरायची, की पाऊण तासात हा पाडा येतो. ख्रिस्ती घरे सात. चर्च म्हणजे विटांची एक खोली, वर पत्रे, एक पंखा. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, शेजारच्या गावात राहतात आणि मोटरसायकलवर अशा चार मंडळ्या सांभाळतात. त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, शिवणकाम करतात आणि जमेल त्या रविवारी मुलांना गोळा करून गाणी शिकवतात.

तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे याच तालुक्यात. मुंबई त्यांचे पाणी पिते, आणि मे महिन्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी भाषणात वापरलेले होते. त्याचा आपल्या वेळापत्रकाशी काही संबंध असेल, हे एप्रिलमधल्या बैठकीत आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

त्या बैठकीत ठरले ते असे: वेळ सकाळी ९ ते १२, मुले तीसच्या आसपास, शिकवणारे सहा जण. त्यात दोन कॉलेजची मुले, दोन मुली, मंडळीतले एक निवृत्त काका आणि मी. रंगीत कृतिपुस्तिका तीस, कापूस, फेविकॉल, आइस्क्रीमच्या काड्या, बिस्किटे, शरबताची पावडर. चर्चसमोर हिरव्या शेडनेटचा मांडव. मुख्य धडा बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे बोधकथा. पाळकसाहेबांशी फोनवर दोनदा बोलणे झाले. दोन्ही वेळा आम्हीच बोललो, ते "बरं, बरं" म्हणत राहिले. त्या "बरं"मध्ये किती गोष्टी राहून गेल्या असतील, हे तेव्हा विचारायला हवे होते.

पहिला दिवस

२० मेला लोकसभेचे मतदान होते. प्रचाराचा शेवटचा आठवडा, आणि आम्ही भोंगा नसलेल्या जीपमधून सामान उतरवत होतो. पहिला मुलगा धावत आला आणि त्याने विचारले, "कुणाचा परचार?" आम्ही कौतुकाने हसलो. पण शेजारच्या ओट्यावर बसलेली मोठी माणसेही मनात तेच विचारत होती, एवढे आमच्या लक्षात यायला हवे होते.

तीस मुले धरली होती, आली त्रेसष्ट. मंडळीची त्यातली चौदा. बाकीची आजूबाजूच्या घरांतली, कोणी मैत्रिणीबरोबर, कोणी गिटारचा आवाज ऐकून. आम्हाला आनंदच झाला. आमच्यापैकी एकीने लगेच ठाण्याला फोन करून आकडाही कळवला.

साडेनऊला हातवाऱ्यांचे गाणे रंगात आले होते. तेवढ्यात लांबून हॉर्न वाजला. मागच्या रांगेतल्या एका मुलीने मान वळवली, "टँकर!" अशी हाक झाली, आणि दोन मिनिटांत मांडव अर्धा रिकामा. मुले चपलाही न घालता पळाली. गिटार वाजवणारा मुलगा तारांवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

पंधरा मिनिटांनी मंडळीतलीच एक आई हंडा डोक्यावर घेऊन आली आणि तिने विचारले, "बाई, माझी बारकी कुठाय?"

बारकी पाच वर्षांची, पिवळ्या फ्रॉकमधली. आमच्याकडे हजेरीची वहीच नव्हती. ती आली होती हे आठवत होते, कधी गेली ते कोणालाच माहीत नव्हते. आम्ही चौघे चार दिशांना धावलो, एक जण विहिरीकडे, एक ओढ्याकडे, काका रस्त्याकडे, मी घरांच्या मागे. ती वीस मिनिटे मी विसरणार नाही. बारकी टँकरच्या रांगेत सापडली. हंड्या-कळशांच्या ओळीत आपल्या घरच्या कळशीला कवटाळून बसली होती. "तायनी सांगितलं, नंबर सोडू नको." तिने नंबर सोडला नव्हता.

आम्ही धावाधाव करत होतो तेव्हा मांडवात उरलेली मुले एका सतरा वर्षांच्या मुलावर सोपवलेली होती, कारण दुसरी मुलगी शरबत कालवायला गेली होती. दोन पोरे बांबूवर चढली, एक पडता पडता वाचला. हे त्या मुलाने मला रात्री सांगितले, तेही मी खोदून विचारल्यावर.

त्याच दुपारी चारच्या सुमारास धुळीचे वादळ आले. घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसे गेली, तो हाच दिवस. पाड्यावर आमची शेडनेट फाटली, दोन बांबू मोडले. लोकल रखडल्या होत्या, घरच्यांचे फोन लागत नव्हते. अंधारात पाड्यावरच्या एका आजींच्या ओसरीवर बसून आम्ही उद्याचा विचार करू लागलो.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

मांडव गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा मिळाला असता, पण शाळा मतदान केंद्र म्हणून तयार होत होती. दोन तुकड्या कराव्यात असे पाळकीणबाईंनी सुचवले. आजींनी आपल्या आंब्याखालची जागा दाखवली. मला दोन्ही पटले नाही. दोन तुकड्या म्हणजे दुप्पट वेळ, आंब्याखाली म्हणजे कोंबड्या आणि येणारे-जाणारे. मी म्हटले, एक दिवस खोलीतच भागवू.

मंगळवारी अठ्ठावन्न मुले त्या खोलीत बसली. अकराच्या सुमारास वीज गेली. पत्रे तापलेले, दारातून फक्त झळ. एका मुलाला उलटी झाली, एक मुलगी भिंतीला टेकून गप्प बसली आणि हाक मारली तरी ओ देईना. तिला सावलीत नेऊन पाणी पाजल्यावर ती सावरली. वर्षभरापूर्वी, १६ एप्रिल २०२३ ला, आमच्याच जिल्ह्याच्या शेजारी खारघरच्या मैदानावर उन्हाने माणसे दगावली होती. त्या रविवारनंतर आम्ही मंडळीत प्रार्थनाही केली होती. तरीही मी अठ्ठावन्न मुलांना पत्र्याखाली बसवले. जागेची अडचण होती हे खरे, पण दोन चांगले पर्याय तिथल्याच बायकांनी हातात ठेवले होते आणि ते मी ऐकले नाहीत.

खरी अडचण

मंगळवारी रात्री तीन माणसे पाळकसाहेबांकडे आली. पुढे होता तो दोन मुलांचा बाप, मंडळीबाहेरचा. तो ओरडला नाही. म्हणाला, "पोरं घरात येशूची गाणी म्हणतात. चांगली म्हणतात. पण आम्हाला विचारलं कोणी?"

आम्ही कोणीही विचारले नव्हते. मुले आपणहून आली, आम्ही आत घेतली. आमच्या मनात "बालकांना माझ्याजवळ येऊ द्या" एवढेच होते, आणि ते मनापासून होते. पण त्या बापाच्या जागी मी असते, माझी मुलगी सुट्टीत कुणा अनोळखी लोकांकडे तीन तास बसून त्यांच्या देवाची गाणी शिकून आली असती, तर मीही रात्री दार ठोठावले असते.

समोर असलेले पर्याय

ओसरीवर कंदील ठेवून आम्ही बराच वेळ बोललो.

काकांचे मत ठाम होते. धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने दिला आहे, आपण कोणाला बोलावून आणले नाही, भ्यायचे कारण नाही, उद्या नेहमीप्रमाणे शाळा भरवावी. कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचे बोलत नव्हते. आमच्यातल्या दोन मुलींना वाटत होते की सामान बांधून निघावे. तिसरा विचार असा की फक्त मंडळीची चौदा मुले ठेवावीत. तो सगळ्यांत सोपा होता, आणि मला सगळ्यांत जास्त लागला. काल ज्यांना बिस्किटे दिली त्यांना आज दारातून परत लावायचे, आणि तेही त्यांच्याच मैत्रिणींच्या डोळ्यांदेखत.

पाळकसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही शुक्रवारी जाणार. मी इथंच आहे. ही माणसं माझ्या गाडीला धक्का मारतात, मी त्यांच्या मयताला जातो." तेवढेच. त्यानंतर काकाही शांत झाले.

चौथा पर्याय त्यांनीच मांडला: बुधवारी शाळा बंद ठेवायची आणि घरोघरी जायचे. जे हो म्हणतील त्यांचीच मुले येतील, आणि आईबापांना वाटेल तेव्हा येऊन बसता येईल.

त्यातही एक अडचण होती. आमच्या शहरातल्या मंडळीचा नियम लेखी परवानगीचा आहे, आणि तो मुलांच्या सुरक्षेसाठी चांगलाच आहे. पाळकसाहेबांनी नको म्हटले. निवडणुकीच्या दिवसांत बाहेरचा माणूस कागद पुढे करून सही किंवा अंगठा मागतो, म्हणजे काय काय समज होतील ते त्यांनी सांगितले. शेवटी असे ठरले की हो किंवा नाही तोंडीच घ्यायचे, पण ज्याच्या त्याच्यासमोर आपल्या वहीत लिहायचे आणि लिहिलेले वाचून दाखवायचे. ती वही हीच हजेरीची वही. ती सोमवारी सकाळीच उघडायला हवी होती.

काय केले

बुधवारी सकाळी सातच्या सुमारास काही मुले आली. "आज शाळा नाही, आम्हीच तुमच्या घरी येतो," असे सांगून परत पाठवले. मग पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि मी सत्तावीस घरे फिरलो. बोलणे पाळकीणबाईंनी केले. काय शिकवणार, कोणती गाणी, किती वेळ, कोण शिकवणार, खायला काय देणार, एवढे त्या आपल्या बोलीत सांगत. एकोणीस घरांनी हो म्हटले, पाच घरांनी नाही, तीन घरांना कुलूप होते. नाही म्हणणाऱ्या एका आजीने आम्हाला पाणी दिले. टँकरचे पाणी. तांब्या हातात घेताना मला बोलता आले नाही.

त्या बापाचे घर आम्ही मुद्दाम दुसरेच घेतले. त्याने सरळ विचारले, "माझ्या पोरांना आमचं सोडायला सांगणार का?" मी नाही म्हटले. त्याने थोडा विचार केला. "मग मोठीला पाठवतो. बारक्याला नाही."

या एका उत्तरामुळे शुक्रवारचा कार्यक्रम बदलला. व्ही.बी.एस.च्या शेवटच्या दिवशी मुलांना येशूला स्वीकारण्यासाठी हात वर करायला सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. मी म्हटले, या वेळी ते नको. काकांना वाटले आपण मुख्य गोष्टच गाळतो आहोत, आणि हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांची तळमळ मला कळत होती. पण आठ वर्षांचे पोर गिटार आणि बिस्किटांच्या आनंदात हात वर करते, तेव्हा त्याने काय ठरवले हे त्याला तरी कळते का? आणि मी त्या बापाला शब्द दिला होता. हात वर करायला सांगितले नाही. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

वेळ बदलली: सव्वासात ते साडेनऊ, म्हणजे टँकरच्या आधी. जागा बदलली, आजींचा आंबा. गट चार केले, प्रत्येक गटावर दोन मोठी माणसे, आणि त्यातले निदान एक पाड्यावरचे. यासाठी तीन आया आणि मंडळीतली एक मुलगी पुढे आली. मुलगी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. शरबताची पावडर बाजूला ठेवून लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले, वर लिंबू पिळले.

गुरुवार

सदतीस मुले आली. कापूस सोमवारीच संपला होता, आणि हस्तकलेत कापसाचे मेंढरू करायचे होते. मी म्हणत होते की नुसते चित्र रंगवू. त्या दहावीच्या मुलीने विचारले, "सावरीचा चालंल का?" पाड्याच्या मागे सावरीची दोन झाडे आहेत, मेमध्ये बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर उडतो. मुलांनी दहा मिनिटांत ओटीभर आणला. तो नेहमीच्या कापसापेक्षा हलका, फुंकर घातली तरी उडणारा. सगळ्यांच्या भुवयांवर, केसांत, फेविकॉलच्या बोटांवर तो चिकटला. शहरातून आणलेल्या सामानाने त्या आठवड्यात इतका आनंद दिला नव्हता.

मग मी दाखला सांगितला. शंभर मेंढरे, त्यातले एक हरवते, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. इथल्या मुलांना मेंढरे चित्रातून माहीत नाहीत. भात काढले की घाटावरचे धनगर खाली उतरतात, रिकाम्या खाचरांत मेंढरे बसवतात, खत होते म्हणून शेतकरी त्यांना धान्य देतो. हे मुलांनी दरवर्षी पाहिलेले.

नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "बाई, धनगर असं नाही करत."

"मग कसं करतो?"

"दुसऱ्या धनगराला सांगून जातो. नाहीतर कुत्रा ठेवतो. नाहीतर बाकीच्यांना लांडगा नेईल."

मी पंचवीसेक वेळा हा दाखला शिकवला असेल. नव्याण्णवांकडे कोण बघते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पिवळा फ्रॉक समोरच बसलेला होता, आणि सोमवारी एकट्या सतरा वर्षांच्या मुलावर टाकलेली बाकीची मुलेही. मी त्या मुलाला म्हटले, तू बरोबर सांगितलेस, चांगला मेंढपाळ सांगूनच जात असेल. येशू ज्यांना हे सांगत होता त्यांनाही ते माहीत असणार, म्हणून त्याने सांगितले नसेल. हे माझे उत्तर बायबलवरच्या भाष्याच्या पुस्तकात बसेल की नाही, कल्पना नाही. त्याला ते पटले.

मोठी मुलगी, त्या बापाची, कडेला बसली होती. ती गायली नाही, पण मेंढरू केले.

काय झाले

शुक्रवारी एक्केचाळीस मुले आणि तेवीस मोठी माणसे होती. दाखला त्या दिवशी मी सांगितला नाही. दहावीच्या मुलीने तिच्या बोलीत सांगितला. तिच्या गोष्टीतला धनगर जाण्याआधी भावाला हाक मारून जात होता. बाप आला नाही. त्याची बायको आली, मागे उभी राहिली आणि संपल्यावर मुलीचे मेंढरू पदरात बांधून घेऊन गेली.

सोमवारच्या त्रेसष्टवरून एक्केचाळीस, असा हिशेब ठाण्यात परतल्यावर मला विचारला गेला. मी वही दाखवली. त्रेसष्टमधल्या किती घरांना आम्ही ओळखत होतो, असे उलट विचारले. एक्केचाळीस मुलांच्या घरी आम्ही जाऊन आलो होतो.

२७ मेला दहावीचा निकाल लागला. ती मुलगी पास झाली आणि शहापूरला अकरावीला गेली. पाळकीणबाईंबरोबर ती रविवारी वर्ग घेते. अकरा-बारा मुले असतात, त्यातली तीन मंडळीबाहेरची, घरून सांगून आलेली.

पुन्हा करायचे तर

सर्वांत आधी बैठक ठाण्यात नको, पाड्यावर हवी, आणि पाळकसाहेबांइतकेच पाळकीणबाईंना विचारायला हवे. टँकर कधी येतो, लग्न कोणाकडे आहे, शाळा कशासाठी घेतली आहे, हे सगळे त्यांना माहीत होते. मी विचारले नाही.

यामागे एक जुना समजही आहे. सुट्टीतील बायबल शाळेची सुरुवात सांगताना १८९८ मधल्या न्यूयॉर्कची गोष्ट नेहमी सांगतात: एलायझा हॉज या बाईंनी रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्यात बिअरचा गुत्ता भाड्याने घेऊन शाळा भरवली. सुट्टीत मूल रिकामे असते, हे त्यात गृहीतच आहे, आणि शहरात ते खरेही असेल. या पाड्यावर सुट्टीतले मूल कळशी धरून रांगेत असते, बारक्या भावंडाला काखेत घेऊन असते, करवंदे तोडून द्रोण विकायला हमरस्त्यावर जाते. त्याच्या दिवसातले दोन तास आपण मागतो आहोत, असे समजून वेळ ठरवावी.

परवानगी आधी, मुले नंतर. हजेरीची वही पहिल्या गाण्याच्या आधी. गटावर दोन मोठी माणसे असल्याशिवाय गट सुरूच करू नये, मग आलेल्या मुलांतली निम्मी परत पाठवावी लागली तरी चालेल. जास्त मुले आली म्हणून मी सोमवारी आनंदाने भारावले होते, आणि त्याच आनंदात एक मूल वीस मिनिटे हरवले होते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पाड्याच्या टोकाला कातकऱ्यांची घरे आहेत. कुलूप असलेली तीन घरे त्यांतलीच. दिवाळीनंतर ती कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मेमध्ये शाळा घेतली की ती मुले कधीच नसतात. पावसाळ्यात घ्यावी तर लावणी, शाळा आणि चिखल. नाताळात घ्यावी तर ती तेव्हाही भट्टीवरच. भट्टीवर जाऊन घ्यावी, असे पाळकसाहेब म्हणतात, पण मालकाच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही आणि ती मागायला अजून कोणी गेलेले नाही.

२०२५ मध्ये आम्ही एप्रिलमध्ये दोनच दिवस गेलो, शिकवणाऱ्या बायकांबरोबर बसायला. शाळा मेमध्ये त्यांनीच तीन दिवस घेतली. त्या वर्षी पाऊस लवकर आला, २६ मेला मान्सून मुंबईत होता, पण त्यांनी पहिलाच आठवडा धरला होता. आधी चार दिवस त्या मुलीचा फोन आला होता. पुस्तिका नकोत म्हणाली, रंगीत खडू पाठवा. आणि कापूस आणू नका, सावरीचा तिने आधीच गोळा करून उशीच्या अभ्र्यात भरून ठेवला होता.